उलटे वेढे

पेटी

लिलाववाल्यानं पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. रुमालानं नाक पुसत तो जरा मागं सरकला.

"तुम्हीच उघडा, ताई. माझा धीर होत नाही."

"धीर कसला? आत काय साप आहे?"

"साप परवडला. तो एकदाच चावतो. या गिटारीनं मला तीनदा तोंडघशी पाडलंय."

खरं होतं ते. याआधी त्यानं आणलेल्या तिन्ही गिटारी याच टेबलावर खोट्या ठरल्या होत्या, आणि तिन्ही वेळा 'खोटी' म्हणणारी बाई हीच होती. नाही म्हणण्यात तिचा हातखंडा. बाहेर तिला सगळे ताई म्हणायचे, गिटारवाल्या ताई. घरात ती धाकटी. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी धाकटीच. कारण तिच्या आधी एक थोरला होता, आणि तो म्हातारा झालाच नाही, त्यामुळे हिलाही मोठं व्हायला वाव मिळाला नाही.

थोरला म्हणजे दादा. पाच जणांचा वाद्यवृंद होता, दादा त्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याच्या गिटारीचा आवाज पोकळ होता. लांबच्या रिकाम्या खोलीतून कोणीतरी आपल्यालाच हाक मारतंय, तसा. तो आवाज रेडिओवर लागला की लोक बोलता बोलता थांबायचे. मग एका धुक्याच्या सकाळी पाचही जण नदीच्या पलीकडच्या काठावर वाजवायला म्हणून निघाले आणि बोट उलटली. चौघे सापडले, एकेक करून. दादा सापडला नाही. गिटारही नाही. हळूहळू लोक दादापेक्षा गिटारीचीच जास्त चौकशी करायला लागले.

त्या आठवड्यात धाकटीची बॅग भरून तयार होती. लांबच्या शहरात रेडिओवर नोकरी लागली होती, आवाज सांभाळायची. ती बॅग उघडली आणि पुन्हा भरली गेली नाही. गिटारदुरुस्तीच्या दुकानात वडिलांना, अप्पांना, हाताशी माणूस हवं होतं, आईला घरात कोणाचा तरी वावर हवा होता. बॅग अजून दुकानात आहे. तिच्यात आता जुन्या अॅम्प्लिफायरच्या काचेच्या नळ्या असतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

तेव्हा प्रश्न सरळ होता. ही गिटार खरी, म्हणजे दादाचीच निघाली, तर ती बुडाली नव्हती. आणि ती बुडाली नव्हती, तर... या वाक्याच्या पुढं धाकटी आजवर गेली नव्हती. तीनदा 'खोटी' म्हणताना तीनदा तिचा जीव भांड्यात पडला होता.

"कुठं मिळाली?" तिनं विचारलं.

"खाणीच्या गावात. जुनं लॉजिंग पाडत होते. माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागं. मुकादमाला वाटलं लहान मुलाची शवपेटी आहे. दोन दिवस कोणी हात लावेना."

आतल्या खोलीतून मटार सोलण्याचा आवाज येत होता. आई खिडकीपाशी बसली होती. तिला दिसायचं केव्हाच बंद झालं होतं, पण दोन कामं ती अजून कोणाला करू द्यायची नाही: मटार सोलणं आणि खिडकीत टॉवेल वाळत घालणं. कान मात्र असे की दुकानात स्क्रू पडला तर कुठला ते आतून सांगेल.

धाकटीनं कड्या सोडल्या.

पुढची बाजू

रंग समुद्री हिरवा. होता, म्हणायचं. आता जुन्या औषधाच्या बाटलीसारखा झाला होता, कडांना पिवळट. खालच्या बाजूला रंगाचा टवका उडालेला, बदकाच्या डोक्याच्या आकाराचा.

"बदक आहे," लिलाववाला हळूच म्हणाला.

"बदक सगळ्यांकडे असतं. पोस्टरवर बघून कोरतात."

तिनं दिवा खाली ओढला, भिंग घेतलं. नकला बनवणारे टवका कोरतात, पण कडा झिजवायला त्यांच्याकडे आयुष्य नसतं. या बदकाच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होत्या. बरं. ते ठेवलं बाजूला. कोपर टेकतो तिथला रंग जाऊन लाकूड दिसत होतं. दादाच्या शेवटच्या फोटोत तिथं अंगठ्याएवढा डाग होता. इथं तळहात मावेल एवढा.

"माझी बायको म्हणते," लिलाववाला म्हणाला, "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीस."

"तिला म्हणावं सुदैव समज."

मग तिला ती रेघ दिसली. तारांच्या खाली, प्लास्टिकच्या पत्र्यावर. दादा वाजवताना करंगळी तिथं टेकवायचा, आणि करंगळीचं नख वाढवायचा. अप्पा चिडवायचे, नवऱ्या मुलीसारखं नख. त्या नखानं पत्र्यावर बारीक रेघ पडली होती. धाकटीनं ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, लहानपणी तिच्यावरून नख फिरवून कर्रर्र आवाज काढला होता आणि धपाटा खाल्ला होता.

तेव्हा ती रेघ होती. आता पन्हळ होती.

धाकटीनं आपली करंगळी तिच्यात ठेवली. बसली. इस्त्रीला हात लागावा तशी तिनं ती काढून घेतली.

"काय झालं?"

"काही नाही. कोणीतरी खूप वर्षं वाजवलीय."

"हे चांगलं की वाईट?"

"गिटारीसाठी चांगलं."

उलटा वेढा

इथं गोष्ट जरा थांबवून एक चूक सांगायला हवी. ही चूक फक्त याच घरात होऊ शकत होती.

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली चुंबकं असतात आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरते, पिकअप ते थरथरणं पकडतो. दादाच्या गिटारीला दोन पिकअप होते. एक दिवस त्यातला एक मेला. नवा मिळेना. अप्पा म्हणाले, मिळत नाही म्हणजे काय, मी गुंडाळतो. शिलाई मशीनचं चाक काढून त्यांनी यंत्र केलं. आयुष्यातला पहिलाच पिकअप. आणि अप्पा डावखुरे. यंत्राच्या नको त्या बाजूला उभे राहून त्यांनी डाव्या हातानं दांडी फिरवली, आणि सगळे वेढे उलटे बसले.

एकटा वाजवला तर काही कळत नव्हतं. दोन्ही एकदम चालू केले की एक म्हणायचा ये आणि दुसरा म्हणायचा जा. दोघांच्या भांडणात आवाजाचं अंग गळून जायचं आणि नुसता सांगाडा उरायचा. तोच तो पोकळ आवाज.

अप्पांचे कान लाल झाले. दादा हसून हसून जमिनीवर बसला. "अप्पा, याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "ही चूक आता माझी."

पुढं जाणकारांनी त्या आवाजावर रकानेच्या रकाने लिहिले. बोटांची किमया, म्हणे. अप्पा वाचायचे आणि पेपर उलटा घडी करून ठेवायचे. खरं कोणाला सांगायची त्यांनी घरात सक्त मनाई केली होती. "लोक म्हणतील, याला डावं-उजवं कळत नाही आणि दुकान थाटून बसलाय."

म्हणून ते गुपित चौघांत राहिलं. नकली गिटारींचा आवाज पोकळ असायचा, त्यासाठी लोक आत नाना उचापती करायचे. धाकटी आत बघायची, पिकअपचे वेढे सरळ दिसायचे, विषय संपायचा.

आवाज

तिनं नव्या तारा चढवल्या, वायर अॅम्पला जोडली, दोन्ही पिकअप चालू केले आणि एक तार छेडली.

आवाज भरलेला आला. गोल, जाड, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. सुंदर होता. तो नव्हता.

लिलाववाल्याचा चेहरा उतरला. नकली गिटारीसुद्धा पोकळ वाजायच्या. हिला तेही येत नव्हतं.

"म्हणजे नाही."

"आवाज तरी नाही."

"बदक, कोपर, एवढं सगळं जुळून?"

"ठेवून जा. आतून बघते. उद्या दुपारी या."

"आशा ठेवू?"

"ठेवा की. तिला कुठं जागा लागते."

तो गेल्यावर धाकटीच्या लक्षात आलं, आत मटार सोलणं थांबलंय. तिनं तशीच मान वळवली, तेवढ्यात ते पुन्हा सुरू झालं.

"त्याची?" आईनं आतून विचारलं.

"नाही वाटत."

"असणारच नाही. त्याची त्याच्याबरोबर आहे." दाणे भांड्यात पडले. "चल, जेवून घे."

दर वेळी आई हेच म्हणायची. पाण्याखाली का होईना, त्याची वस्तू त्याच्यापाशी आहे, एवढ्यावर तिनं इतकी वर्षं काढली, असं धाकटीला वाटायचं. म्हणून दर वेळी खोटी म्हणताना तिला वाटायचं, आपण आईवरचं एक संकट टाळलं.

उलटा दिवस

बोट उलटली त्या दिवशी शेवटी आईनं दादाच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

त्याआधी तिनं त्याच्या पलंगावरची चादर बदलली होती.

त्याआधी अप्पा धक्क्यावरून परत आले होते, चिखलाच्या बुटांनी थेट आतपर्यंत, आणि आई त्यांना काही बोलली नव्हती. जन्मात पहिल्यांदा.

त्याआधी धक्क्यावर एका माणसानं कर्ण्यातून नावं वाचली होती आणि दादाचं नाव उच्चारताना त्याला खोकला आला होता, म्हणून त्यानं ते दोनदा वाचलं.

त्याआधी धुकं होतं.

त्याआधी दादा दारात उभा होता, पेटी हातात, बूट घालता घालता एका पायावर नाचत. "संध्याकाळी परत येताना बोटीतून दिसलीस तर हात करीन," तो म्हणाला. तो त्यांचा जुना खेळ होता. नदीच्या मधोमध दोन बोटी एकमेकींना ओलांडतात, तेव्हा समोरच्या बोटीला हात करायचा. कोण आहे ते बघायचं नाही. कोणी ना कोणी उलट हात करतंच.

दादा गेल्यावरही धाकटी हात करत राहिली. दुरुस्त झालेलं सामान पोचवायला पलीकडे जाताना, येताना, दर वेळी. सवय.

आणि त्याच्या आधी दादा चहात पाव बुडवून खात होता.

उलटं सांगितलं की गोष्ट तिथं संपते. म्हणून धाकटी मनातल्या मनात ती उलटीच सांगायची.

पाठ

सकाळी दुकानात ऊन आल्यावर तिनं घोंगडी अंथरली, तारा काढल्या आणि तो पिकअप वर उचलला.

वेढे उलटे होते.

तिनं भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. मग डोळे मिटून बोटानं हवेत दिशा काढली, अप्पा यंत्राच्या नको त्या बाजूला उभे आहेत अशी कल्पना करून, डाव्या हातानं. तेच. हा पिकअप अप्पांचा. ही गिटार दादाची.

मग आवाज सरळ कसा?

एकच उत्तर होतं. वेढे उलटे असले तरी त्यातून निघणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली की भांडण मिटतं. म्हणजे कोणीतरी आत शिरून त्या दोन तारा बदलल्या होत्या. वेढे न उलगडता चूक दुरुस्त केली होती. त्यासाठी पाठीवरचं छोटं झाकण उघडावं लागतं. तिनं गिटार पालथी केली. झाकणाच्या स्क्रूंवर काल तिला गंज दिसला होता. तिनं ओलं फडकं घेऊन तो पुसला, आणि त्या गंजाखाली

थेंब

होता. जांभळा. प्रत्येक स्क्रूवर एकेक.

दादा गेल्यावर काही वर्षांनी एका गिऱ्हाइकानं दुकानात तमाशा केला होता, माझ्या गिटारीतले भाग तुम्ही बदललेत म्हणून. तेव्हा धाकटीनं युक्ती काढली: काम झालं की झाकणाच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब लावायचा. कोणी नंतर उघडलं तर थेंब तडकतो, लगेच कळतं. बाटली तिचीच होती. मावसबहिणीच्या लग्नासाठी हौसेनं घेतलेली. मावशी म्हणाली, बोटं दारात चेंगरल्यासारखी दिसतात, तेव्हापासून ती दुकानात पडून होती. अप्पा हसले होते. "आता गिटारींना लाली-पावडर करायची?" पण मग त्यांनाच त्याचं वेड लागलं. असा जांभळा रंग दुसऱ्या कुठल्याही दुकानाचा नव्हता. असा रंग दुसऱ्या कोणी विकतच घेतला नसता.

थेंब तडकलेला नव्हता. नीट, गोल, स्क्रूच्या कडेला टेकलेला. अप्पांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, तरी थेंब किती नेमका, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. पुढचा विचार केला नाही.

तिनं झाकण उघडलं. आत दोन तारा एकमेकींच्या जागी होत्या. प्रत्येक तार आधी आकडा करून अडकवलेली आणि मग सोल्डरचा डाग दिलेली. ती अप्पांची पद्धत. सोल्डर सुटला तरी तार सुटू नये म्हणून.

म्हणजे दादा बुडाल्यानंतर ही गिटार इथं आली होती. याच दुकानात, याच टेबलावर. आणि गिटारी आपल्या पायानं येत नाहीत.

धाकटी स्टुलावर बसली. समोर अप्पांची खुर्ची होती, हातांवरचं रेक्झिन फाटलेली. अप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. या खुर्चीत बसून त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं: लाकूड कसं ऐकायचं, वार्निशचा वास कसा घ्यायचा, नकली माल तोंडावर नकली कसा म्हणायचा. संध्याकाळी समोरासमोर बसून दोघं जेवायची. भाजी कशी झालीय हे सांगणारे अप्पा. नदीवर धुकं आलं की खिडकीपाशी जाऊन गप्प उभे राहणारे अप्पा. त्या गप्प पाठीला ती दुःख समजत आली होती.

 आता त्या खुर्चीकडे तोंड करून बसवेना, म्हणून धाकटीनं स्टूल वळवलं.

दोन तारा

तिनं सोल्डरिंगची सळई तापवली. खात्रीसाठी, असं स्वतःला सांगितलं. अप्पांनी दिलेले डाग वितळवले, दोन तारा सोडवल्या आणि जुन्या जागी नेऊन जोडल्या. तारा चढवल्या. दोन्ही पिकअप चालू केले.

दादाच्या एका गाण्याची सुरुवात तिला येत होती. तेवढीच येत होती. ती तिनं वाजवली.

तो आवाज दुकानात आला. भिंतीवर टांगलेल्या गिटारींच्या तारा आपसूक गुणगुणल्या. कोणीतरी आत आलंय असं वाटून तिनं दाराकडे बघितलं. दारात ऊन होतं.

आणि आतून आई, भाजीत मीठ जास्त पडल्यावर बोलते त्याच आवाजात म्हणाली,

"पुन्हा कशाला बिघडवलीस? अप्पांनी नीट करून दिली होती ना."

अॅम्पची घरघर चालू होती. धाकटीनं ती बंद केली नाही. आत भांडं खणकलं. आईलाही आपलं वाक्य ऐकू गेलं होतं.

सुलटा दिवस

"बस," आई म्हणाली.

धाकटी दाराच्या चौकटीत उभीच राहिली.

"उभी का? मला दिसत नसलं तरी कळतं."

"सांग."

आईनं मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. हात पुसले. आणि जी गोष्ट धाकटीनं कधी सुलटी सांगितली नव्हती, ती तिनं सुलटी सांगितली.

आधी दादा धक्क्यावर गेला. मग त्याच्या लक्षात आलं, सिगरेटी संपल्यात. मग तो मित्रांना म्हणाला, व्हा पुढं, आलोच. मग पेटी घेऊनच दुकान शोधत गेला, कारण पेटी तो कोणाच्या हातात द्यायचा नाही. मग बोट सुटली. मग धुक्यातून बोट उलटल्याचा आवाज आला. मग तो धक्क्याच्या मागच्या गोदामात जाऊन बसला. मग कर्ण्यातून नावं वाचली गेली, त्याचं दोनदा. मग तो उठला आणि उलट्या दिशेला चालायला लागला.

"चौघं गेले आणि हा सिगरेट ओढत होता," आई म्हणाली. "त्या चौघांच्या आया याच गल्लीत. कोणत्या तोंडानं त्यांच्यासमोर जाऊ, म्हणाला."

"तुला कधी म्हणाला?"

"पहिल्यांदा आला तेव्हा. गिटारीची खुंटी मोडली होती. दुसरीकडे कुठं नेणार ती? कोणीही ओळखली असती."

"आणि तारा?"

"ते नंतर. त्यालाच तो आवाज नकोसा झाला. म्हणाला, अप्पा, यातून ते चौघं हाका मारतात. अप्पांनी बदलून दिल्या. थेंब मी लावले. यांचा हात थरथरायचा."

धाकटी खाली बसली. जमिनीवर.

"मी कुठं होते?"

"पलीकडे. सामान पोचवायला." आईनं खिडकीच्या दिशेनं हात केला. "तू गेलीस की मी टॉवेल वाळत घालायची. पलीकडच्या धक्क्यावरून दिसतो."

तो पांढरा टॉवेल. परत आल्यावर तो काढून, घडी करून, कपाटात ठेवायचं काम धाकटीचं होतं. किती घड्या घातल्या असतील.

"म्हणजे मी गेले की तो यायचा."

"तुझी बोट जायची, त्याची यायची." आईनं पदर सारखा केला. "एकदा तू हात केलास. आत आला आणि तिथं भिंतीला टेकून बसला. पाणी दिलं तर पिईना. म्हणाला, धाकटी अजून हात करते."

"त्यानं केला?"

"ते नाही सांगितलं."

खाली रस्त्यावरून कोणीतरी लोखंडी ढकलगाडी नेत होतं. ती लांब गेल्यावर धाकटीनं विचारलं,

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानं नको म्हटलं."

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटलं?"

"तू गेली असतीस," आई म्हणाली.

"कुठं?"

"रेडिओवर. त्याच्यामागं. कुठंही. थोरला गेला म्हटल्यावर तू राहिलीस. तो नुसता लांब राहायला गेलाय म्हटलं असतं, तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग."

"किती सोपं करून सांगतेस ग."

"अवघड करून सांगितलं तर बरं वाटेल?"

धाकटीनं गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. लहानपणी रुसल्यावर बसायची तशी. आईचा हात हवेत चाचपडत आला, तिच्या डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला. धाकटीनं तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

"आहे का तो?"

"अप्पा गेले तेव्हा त्याला कळवणार कसं? पत्ता त्यानं कधी दिला नाही. माझे डोळे गेले. टॉवेल घालत राहिले." आईचा हात जड झाला. "आला असेल आणि दारात नुसता उभा राहून गेला असेल, तर मला काय दिसणार? पण आवाज आला असता. नाही आला."

झाकण

झाकण बसवून धाकटीनं स्क्रू पिळले. जांभळी बाटली आईच्या शिवणाच्या डब्यात होती. आतली कांडी चिकटून बसलेली, रंगाचा दगड झालेला. तिनं ती हलवून बघितली, कानाशी नेऊन बघितली, आणि परत डब्यात ठेवली. स्क्रू तसेच राहिले. आता ज्याला उघडायची त्यानं उघडावी.

दुपारी लिलाववाला आला. तिनं वाजवून दाखवली. तो टेबलाला धरून खाली बसला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला. सर्दी होतीच, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

"पण काल तर..."

"काल नीट होती. आज बरोबर आहे."

"खरी?"

"खरी."

हा शब्द तिनं या टेबलावर पहिल्यांदाच उच्चारला. तिला वाटलं होतं, त्याचं ओझं वाटेल. ओझं वाटलं नाही. घरातलं जड कपाट हलवल्यावर मागं भिंत दिसते, जुना रंग तसाच असलेली, तसं काहीतरी वाटलं.

"म्हणजे ती बुडाली नव्हती," तो सावकाश म्हणाला. "ताई, मग तुमचे दादा..."

"तुम्ही गिटारीची ओळख विचारलीत. ती मी पटवली. लेखी देते."

"लोक विचारतील."

"विचारू देत. मलाही विचारायचंय." तिनं पेटीच्या कड्या लावल्या. "मला माझ्या कामाचं काही नको. त्या लॉजिंगचा पत्ता द्या."

"ते पाडलं, ताई. तिथं आता नुसता खड्डा आहे."

"शेजारपाजार असेल ना खड्ड्याला."

त्यानं पत्ता सांगितला. तो गेल्यावर तिनं दुकानातली बॅग ओढली, काचेच्या नळ्या एकेक करून अप्पांच्या खुर्चीत मांडल्या आणि बॅग झटकली. वर्तमानपत्राचा भुगा पडला. शेजारच्या काकू काही दिवस सोबतीला झोपायला येते म्हणाल्या. आईनं कुठं जातेस असं विचारलं नाही. स्वेटर घेतलास का, एवढं विचारलं.

"घेतला."

"खाणीकडे वारा असतो, म्हणायचा."

धाकटी दारापर्यंत गेली. मागून आईचा आवाज आला, नेहमीसारखाच, पण किंचित हळू. परवानगी मागावी तसा.

"टॉवेल घालू का ग?"

धाकटी मागं फिरली. तिनं मग कपाटातून टॉवेल काढला आणि आईच्या हातात दिला.

बोट सुटली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. खिडकीत टॉवेल होता, वाऱ्यानं आत-बाहेर करत. नदीच्या मधोमध समोरून दुसरी बोट आली. तिच्यात माणसं होती, कठड्याला टेकलेली, गर्दीत उभी, एक म्हातारा टोपी धरून. कोणीतरी हात केला.

धाकटीनं हात वर केला नाही. ती एकेक चेहरा बघत राहिली.